किरणोपचार विभागातली पहिली वर्षं : वाचकांचे प्रश्न

कर्करोगावरच्या किरणोपचार विभागात नव्याने रुजू झालेल्यांची आणि त्यांना सांभाळून घेऊ पाहणाऱ्यांची पत्रं बरीच आली. त्यांतल्या चार पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एमडी होऊन आठ महिने झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका लिनॅकवर (किरणोपचाराच्या यंत्रावर) मी एकटाच कन्सल्टंट आहे. निम्मे पेशंट तोंडाच्या कर्करोगाचे. शिकताना प्रत्येक कॉन्टूर (किरण द्यायच्या भागाची सीटीवर आखलेली हद्द) सर बघायचे, आता कोणीच बघत नाही. चुकत असेल तर कळणार कसं?
(किरणोपचारतज्ज्ञ, विदर्भ)

कळेल, पण त्यासाठी दुसऱ्याची नजर पहिल्या फ्रॅक्शनच्या (किरणांच्या बैठकीच्या) आधी पडली पाहिजे. प्लॅन झाला, पेशंटला तारीख दिली आणि मग कॉन्टूर दाखवला, तर चूक दाखवणाराही संकोचतो आणि तुम्हीही ‘पुढच्या केसला बघू’ म्हणून सोडून देता. म्हणून तपासणी कॉन्टूर आणि प्लॅनिंग यांच्या मध्ये बसवा. जिथे शिकलात तिथल्या सरांकडे किंवा मॅडमकडे, ते जमत नसेल तर एखाद्या अनुभवी बॅचमेटकडे, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि पाऊण तास मागून घ्या. ‘अडलं की फोन करतो’ ही व्यवस्था पुरत नाही, कारण आपण अडलोय हे जिथे जाणवतच नाही तिथेच मोठी चूक होते. सगळ्या केसेस होणार नसतील, तर तोंड-घशाचे, पूर्वी रेडिएशन झालेले आणि थोड्या फ्रॅक्शनमध्ये मोठा डोस घेणारे पेशंट आधी घ्या.

व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवून मत मागू नका. एका स्लाइसवरून कॉन्टूर वर कुठे सुरू झाला आणि खाली कुठे संपला ते दिसत नाही. स्क्रीन शेअर करा, नाव, केस नंबर आणि जन्मतारीख झाका आणि पूर्ण सीटी सावकाश वर-खाली फिरवून दाखवा. त्याआधी दोन मिनिटं तोंडी सांगा : गाठ कुठे होती, सर्जनने काय काय काढलं, मार्जिन (गाठीभोवती काढलेलं निरोगी ऊतक) किती मिलिमीटर, कोणत्या बाजूचे कोणते नोड (लसिकाग्रंथी).

गालाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर फ्लॅप बसवलेला असला की ओळखीच्या खुणा हरवतात. नवा डॉक्टर मग सगळा फ्लॅप मन लावून रंगवतो आणि त्याची कड मात्र अपुरी घेतो. फ्लॅप ही दुसरीकडून आणलेली निरोगी त्वचा आणि स्नायू असतो. आजार उलटतो तो बहुधा फ्लॅप आणि मूळ ऊतक यांच्या सांध्यावर, नाहीतर वर इन्फ्राटेम्पोरल फोसाच्या (जबड्याच्या आत, कवटीच्या तळाखालच्या जागेच्या) बाजूला. त्यामुळे ऑपरेशनपूर्वीच्या सीटीची सीडी सिम्युलेशनच्या (उपचाराआधीच्या प्लॅनिंग सीटीच्या) दिवशीच मागवा आणि प्लॅनिंग सीटीवर फ्यूज करा (एकावर एक जुळवा). पेशंट सीडी घरी विसरून आला असेल, तर ती येईपर्यंत थांबा. मात्र ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत, हे गणित आधीच मांडा. दात काढायचे असतील तर जखम भरायला सुमारे दोन आठवडे जातात, म्हणून दंतवैद्याची चिठ्ठी पहिल्याच भेटीत द्या.

प्रश्न : मुंबईत शिकून पुण्यात मेडिकल फिजिसिस्ट म्हणून लागले. पहिल्यांदाच एकटीने लिनॅकचा आउटपुट (यंत्र देत असलेला डोस) मोजला, तर ६ टक्के कमी आला. बाहेर पेशंट थांबले होते. मशीन ॲडजस्ट करायला हवं होतं का?
(मेडिकल फिजिसिस्ट, पुणे)

नाही. एका मापनावर, एकटीने, मशीनला हात लावायचा नाही. आउटपुट एका रात्रीत ६ टक्के घसरणं दुर्मीळ आहे. मोजण्यातली चूक त्याहून कितीतरी जास्त वेळा होते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य आम्ही दोनदा वाचलं : ‘हवेचा दाब मोबाइलवर बघून १०१० घेतला.’ चूक बहुतेक इथेच आहे. हवामानाच्या ॲपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथे खोलीतला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. आयन चेंबरमधली (डोस मोजायच्या साधनातली) हवा या खऱ्या दाबाची असते, म्हणजे विरळ, त्यामुळे रीडिंग कमी येतं आणि दुरुस्तीचा गुणक ते भरून काढतो. तुम्ही १०१० भरलंत तेव्हा गुणक १.०६७ ऐवजी १.००३ झाला. डोस कागदावर ६ टक्के कमी दिसला, मशीन मात्र बरोबर होतं. त्या कागदावर विश्वासून आउटपुट वाढवला असता, तर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला ६ टक्के जास्त डोस गेला असता, आणि तुमच्याच पद्धतीने पुन्हा मोजल्यावर सगळं ठीक दिसलं असतं. मुंबईत ॲपचा आणि खोलीतला आकडा जवळजवळ सारखाच असल्याने ही सवय तिथे उघडी पडत नाही. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. विभागाचा स्वतःचा, कॅलिब्रेट केलेला बॅरोमीटर वापरा.

पुढच्या वेळी या क्रमाने जा. दाब आणि तापमान पुन्हा बघा. तापमान मोजणीच्या टाकीतल्या पाण्याचं घ्या, एसीच्या डिस्प्लेवरचं नाही. ३ अंशांच्या फरकाने १ टक्का जातो. टाकीत ताजं पाणी भरलं असेल तर ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग चेंबरचा व्होल्टेज, इलेक्ट्रोमीटरचा (चेंबरचं रीडिंग दाखवणाऱ्या यंत्राचा) झीरो आणि लीकेज, १० बाय १० सेंटिमीटरचं फील्ड, अंतर, पाण्यातली खोली, एनर्जी. पहिली एक-दोन रीडिंग सोडून द्या. तरीही फरक राहिला तर दुसरा चेंबर लावा आणि दुसऱ्या फिजिसिस्टला बोलवा. रोजच्या तपासणीत ३ टक्क्यांपलीकडचा फरक निस्तरल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत. तोवर पेशंटना बाहेर येऊन स्वतः सांगा, ‘मशीनची तपासणी चालू आहे, अर्धा तास लागेल.’ लोक थांबतात.

प्रश्न : मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, गरोदरपणाचा तिसरा महिना लागलाय. अजून कोणाला सांगितलं नाही. लिनॅकवर काम करावं का?

आजच विभागप्रमुखांना आणि आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) लेखी कळवा. पोटातल्या बाळासाठीची १ मिलिसीव्हर्टची मर्यादा कळवल्यापासून लागू होते. गरोदरपणाचं कारण सांगून कामावरून काढता येत नाही, कामाची जागा बदलून द्यायची असते. लिनॅकच्या कन्सोलवर (खोलीबाहेरून यंत्र चालवायच्या जागी) बसायला हरकत नाही, बीम बंद असताना यंत्रातून किरण येत नाहीत. फक्त १५ एमव्हीच्या (जास्त ऊर्जेच्या) बीमनंतर लगेच आत जाऊ नका, यंत्राचे काही भाग थोडा वेळ किरणोत्सर्गी राहतात. कोबाल्टच्या यंत्रावर सेटअप करू नका, कारण तिथे सोर्स (किरणोत्सर्गी पदार्थ) बंद असतानाही थोडी गळती असतेच. ब्रॅकीथेरपीही (सोर्स शरीराच्या आत नेऊन दिलेले किरण) नको. पेशंट उचलणं आणि यंत्रावर जड ॲप्लिकेटर (बीमला आकार देणारी जोडणी) चढवणं दुसऱ्यांवर सोपवा. टीएलडी बॅज (अंगावर आलेला डोस मोजणारा बिल्ला) रोज लावा आणि एप्रनसोबत ट्रीटमेंट रूममध्ये टांगून ठेवू नका.

प्रश्न : आमच्या विभागात नवीन मुलं-मुली वर्ष-दीड वर्षात सोडून जातात. पगार बरा आहे. आणखी काय करायला हवं?
(विभागप्रमुख, पश्चिम महाराष्ट्र)

त्यांचा तिसऱ्या आठवड्यातला दिवस डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळचे सहा वाजलेत, अजून पंधरा पेशंट बाकी आहेत, सीनियर निघून गेलेत आणि कन्सोलवर ती मुलगी एकटी आहे. तिथे तिला भीती वाटते, आणि भीती वाटते हे सांगायची सोय नसते. माणसं इथून तुटतात.

कन्सोलवर कायम दोघं ठेवा, शेवटच्या पेशंटपर्यंत. पहिले तीन महिने नवीन माणूस त्या दोघांत मोजू नका. स्तन, तोंड-घसा, ओटीपोट अशा प्रत्येक कामाची वेगळी सही घ्या, ‘ट्रेनिंग झालं’ अशी एकच नको. पहिल्या दिवसाच्या सेटअपमध्ये संदर्भखुणेपासून टेबल उलट्या दिशेला सरकवणं ही नेहमीची चूक आहे. एकाने शिफ्ट (टेबल किती आणि कुठे सरकवायचं ते) मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने पेशंटच्या अंगावरच्या खुणेकडे बोट दाखवून दिशा सांगायची, एवढ्याने ती बहुतेक वेळा पकडली जाते. थोडक्यात टळलेल्या चुकांची वही ठेवा, तीत नाव लिहायचं नाही. पहिली नोंद तुमच्या स्वतःच्या चुकीची असू द्या, त्याशिवाय दुसरं कोणी लिहिणार नाही. एआरओआय (किरणोपचारतज्ज्ञांची संघटना), एएमपीआय (मेडिकल फिजिसिस्टांची संघटना) यांच्या परिषदांना पाळीपाळीने ज्युनियरही पाठवा, दर वर्षी तेच दोघं नकोत.

आणि ब्रॅकीथेरपीची आपत्कालीन तालीम कागदावर उरकू नका. १० क्युरीच्या इरिडियम सोर्सपासून १ मीटरवर तासाला सुमारे ४० मिलिग्रे मिळतात. म्हणजे आत जाऊन दोन मिनिटांत काम करणाऱ्याला सव्वा मिलिसीव्हर्टच्या आसपास. पेशंटच्या ऊतकात मात्र १ सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे ७ ग्रे जातात. हे दोन आकडे शेजारीशेजारी सांगितले की नवीन माणसाला आपण का धावायचं ते समजतं. १९९२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सोर्सची तार तुटून तो पेशंटच्या शरीरातच राहिला. खोलीतला मॉनिटर इशारा देत होता, पण कन्सोल ‘सेफ’ दाखवत होता, म्हणून मॉनिटरच बिघडलाय असं सगळ्यांनी धरलं. हातातल्या सर्व्हे मीटरने कोणी तपासलं नाही. पाच दिवसांनी पेशंट दगावला.

म्हणून डमी पेशंट ठेवून घड्याळ लावा : कन्सोलवर इंटरप्ट, मग इमर्जन्सी स्टॉप, सर्व्हे मीटर हातात घेऊन आत, हँड क्रँक (सोर्स हाताने मागे ओढायचा दांडा), तरीही सोर्स परत गेला नाही तर ॲप्लिकेटर (सोर्स शरीरात नेणारी नळी) काढून लांब चिमट्याने शिशाच्या डब्यात, पेशंट बाहेर, आणि बाहेर आल्यावर पुन्हा मीटरने पेशंटची तपासणी. पहिल्या तालमीत हमखास कळतं की डबा कोपऱ्यात चादरींखाली आहे आणि चिमट्याच्या कपाटाची किल्ली सिस्टरांकडे आहे, आणि त्या दुपारी जेवायला गेल्या आहेत. डबा आणि चिमटा खाटेशेजारी आणून ठेवा, आणि पुढच्या तालमीत क्रँक सगळ्यात नव्या माणसाच्या हातात द्या.