अनुभवी फाउंडर्ससाठी लवचिक सपोर्ट प्रोग्राम कसा आखावा? तो किती आठवड्यांचा असावा आणि त्यात कोणते विषय घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमची संस्था आजवर नवख्यांसाठी बारा आठवड्यांचा ॲक्सेलरेटर (नव्या कंपन्यांना ठराविक मुदतीत मार्गदर्शन आणि ओळखी देणारा कार्यक्रम) चालवत आली, आणि आता दुसऱ्या-तिसऱ्यांदा कंपनी काढणाऱ्यांसाठी काहीतरी लवचिक करायचंय. कृपा करून विषयांच्या यादीपासून सुरुवात करू नका. मी अशा यादीच्या समोरच्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणूनच हे लिहायला घेतलं.

पहिली कंपनी विकल्यावर काही काळाने मी दुसरी काढली, अगदी वेगळ्या क्षेत्रात, आणि एका ॲक्सेलरेटरमध्ये दाखल झाले. तिथे पैशांसाठी गेले नव्हते. नव्या क्षेत्रात ओळखी नव्हत्या, आणि फाउंडर किती एकटा पडतो ते पहिल्या खेपेला पुरतं अनुभवलं होतं. पहिल्याच दिवशी वेळापत्रक हातात आलं: ग्राहकांच्या मुलाखती, मग प्रॉडक्ट, मग कॅप टेबल (कंपनीत कोणाचा किती हिस्सा याचा तक्ता), मग कायदेशीर बाबी, मग पिचचा सराव आणि शेवटी डेमो डे, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर कंपनी मांडायचा दिवस.

प्रोग्राम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि माझ्या को-फाउंडरने सांगितलं की त्याला पुढे कंपनीत राहता येणार नाही. भांडण नव्हतं. त्याच्या घरच्या अडचणी खऱ्या होत्या. आमचे शेअर्स नेहमीच्या पद्धतीने चार वर्षांत व्हेस्ट होणार होते, म्हणजे टप्प्याटप्प्याने आमच्या हक्काचे होणार होते, पहिल्या वर्षाचा क्लिफ होता (वर्षाच्या आत सोडलं तर काहीच मिळत नाही), आणि तो क्लिफच्या आधीच निघाला होता. कागदावर हिशेब सरळ: त्याचे शेअर्स कंपनीकडे परत. पण कंपनी म्हणजे नुसते शेअर्स नसतात. डोमेन त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदलेलं होतं. सर्व्हरच्या खात्याचा ओटीपी त्याच्या फोनवर यायचा. आणि कंपनी कागदोपत्री स्थापन होण्याआधी त्याने जो कोड लिहिला होता, तो कोणाच्या मालकीचा? आमचा करार स्थापनेनंतरच्या कामापुरताच होता. कोणताही गुंतवणूकदार सगळ्यात आधी नेमकं इथेच बोट ठेवतो.

मी प्रोग्रामच्या व्यवस्थापकांना लिहिलं: या आठवड्यात पॅनेलवरच्या वकिलांचा एक तास द्या, त्याबदल्यात माझी दोन सेशन्स कमी करा. उत्तर आलं, "लीगलचा आठवडा पुढे आहेच. एकाला सवलत दिली की सगळ्यांना द्यावी लागते." म्हणून मी 'ग्राहकाची मुलाखत कशी घ्यावी' या सेशनला जाऊन बसले. हेच काम मी आधीच्या कंपनीत वर्षानुवर्षं केलेलं. त्या आठवड्याच्या प्रगती तक्त्यात माझ्या नावापुढे लाल खूण होती, कारण माझा बिझनेस कॅनव्हास (व्यवसायाचा एकपानी आराखडा) जमा झाला नव्हता. कंपनीच्या मनुष्यबळाचा अर्धा खांब निखळला होता, त्यासाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

मदत मिळाली ती बॅचमधल्याच एका बाईंकडून. त्यांची ती तिसरी कंपनी. दुपारी जेवताना मी त्यांच्याजवळ बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्या को-फाउंडरबरोबरचा स्वतःचा जुना फारकतीचा करार घेऊन आल्या. नावं आणि आकडे काळ्या मार्करने खोडलेले, बाकी कलमं जशीच्या तशी. त्यांनी मला क्रम समजावला. आधी दोघं शेजारी बसा, त्याचा फोन टेबलावर ठेवा आणि सगळी खाती कंपनीच्या नावावर वळवा. मग स्थापनेआधीच्या कामासकट कोड कंपनीला दिल्याचा कागद करा. शेअर्सचा कागद शेवटी. तो एकदा सहीचा झाला की उरलेल्या कामांची घाई फक्त तुम्हाला असते, समोरच्याला नाही. आम्ही अगदी त्याच क्रमाने गेलो. को-फाउंडर शेवटपर्यंत नीट वागला, आजही बोलणं आहे. त्या बाईंनी दिलेला वेळ जेमतेम एका दुपारचा, पण त्या प्रोग्राममधून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. प्रोग्रामच्या अहवालात तिचा कुठे उल्लेख नाही.

तर आता तुमचा प्रश्न. अनुभवी फाउंडरची अडचण विषयाची नसते, वेळेची असते. कॅप टेबल काय असतं हे त्याला माहीत असतं. जुन्या कंपनीच्या करारातलं नॉन-कॉम्पिट (स्पर्धा न करण्याचं कलम) नव्या कंपनीला कुठवर लागू होतं, आधीचा गुंतवणूकदार गुंतवणुकीच्या नव्या फेरीतही हक्काने जागा मागतोय त्याला काय सांगायचं, जुनी टीम जशीच्या तशी उचलून आणावी का, असे प्रश्न त्याला पडतात. ते कधी पडतील हे कोणत्याही वेळापत्रकाला सांगता येत नाही. त्यामुळे वकील, हिशेबतज्ज्ञ, आणि कंपनी बंद केलेली, विकलेली, को-फाउंडर गमावलेली माणसं यांचे तास राखून ठेवा, आणि मागितल्यापासून दोन-तीन दिवसांत भेट मिळेल अशी व्यवस्था करा. बाकीचं दुय्यम आहे.

आठवडे किती? तीन महिने आणि शेवटी डेमो डे हा साचा वाय कॉम्बिनेटर या अमेरिकेतल्या ॲक्सेलरेटरमुळे रूढ झाला. 2005 सालची त्यांची पहिली बॅच मुळात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून, उन्हाळी सुट्टीत बसेल अशी आखली होती. जी माणसं घर, कर्ज, मुलं आणि जुन्या कंपनीची उरलीसुरली जबाबदारी सांभाळत नवीन कंपनी काढतायत, त्यांना विद्यार्थ्यांच्या सुट्टीचं माप का लावायचं? सुरुवातीचे काही आठवडे दाट भेटी ठेवा, आणि मग वर्ष-दीड वर्ष दार उघडं ठेवा.

पण लवचिक म्हणजे बुफे नव्हे. 'हवं ते निवडा' म्हटलं की अनुभवी माणूस त्याला जे आवडतं तेच निवडतो. सेल्समधला सेल्सचं सेशन निवडतो, इंजिनिअर आर्किटेक्चरवर चर्चा करत बसतो. सुझन कोहेन, ख्रिस्तोफर बिंगहॅम आणि बेंजामिन हॅलन या संशोधकांचा अमेरिकेतल्या आठ ॲक्सेलरेटर्सचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांनी सुरुवातीलाच मेंटर्सच्या दाट भेटी घडवल्या, सगळ्यांना एकच कार्यक्रम दिला आणि एकमेकांची परिस्थिती उघड ठेवली, ते सरस ठरले. ज्याच्या त्याच्या मागणीनुसार बेतलेले कार्यक्रम मागे पडले. तुमच्या संस्थेतला कोणीतरी हा अभ्यास तुमच्या तोंडावर मारेल आणि म्हणेल, बघा, नियम सगळ्यांना सारखेच हवेत. त्याला सांगा की त्याच अभ्यासात उघडेपणाही आहे, आणि तो मात्र बहुतेक प्रोग्राम सोयीने विसरतात. म्हणून सक्तीची एकच गोष्ट ठेवा: दर पंधरवड्याला सहा-आठ फाउंडर्सनी बंद दाराआड बसायचं आणि प्रत्येकाने आपली खरी अडचण आकड्यांसकट मांडायची. तिथे दांडी चालणार नाही. बाकी कुठल्याही सेशनची हजेरी घेऊ नका.

निवड करताना 'किती कंपन्या काढल्या' हे विचारू नका. गॉम्पर्स, कोव्हनर, लर्नर आणि शार्फस्टाइन या संशोधकांनी व्हेंचर कॅपिटल (नव्या कंपन्यांतली जोखमीची गुंतवणूक) मिळालेल्या फाउंडर्सचा अभ्यास केला, त्यात यश म्हणजे कंपनी शेअर बाजारात नोंदली जाणं. आधी यशस्वी झालेल्यांना पुन्हा यश मिळण्याची शक्यता 30 टक्के, आधी अपयशी ठरलेल्यांना 20 आणि पहिल्यांदाच उतरणाऱ्यांना 18 टक्के. म्हणजे नुसत्या अनुभवाने पडणारा फरक फार थोडा. त्यापेक्षा विचारा: कोणाला कामावरून काढलंय का, पगार थकलाय का, गुंतवणूकदाराला नाही म्हटलंय का. ज्याने हे केलंय त्याच्या गरजा वेगळ्या असतात.

हेही सांगायला हवं की क्षेत्र बदललेला अनुभवी फाउंडर त्या क्षेत्रात नवखाच असतो, मीही होते. त्याच्यासाठी ग्राहकांच्या मुलाखतीचं सेशन वाया जातंच असं नाही, फक्त ते 'कसं विचारावं' यावर नको, 'कोणाला गाठावं' यावर हवं. आणि ज्यांची पहिली कंपनी बाजाराच्या तेजीत आपोआप वर गेली, त्यांना मूळ अभ्यासक्रमच द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना तो आवडणार नाही.

आता इक्विटी, म्हणजे प्रोग्रामने कंपनीत घ्यायचा हिस्सा. तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं इथेच अडणार आहे. वाय कॉम्बिनेटरने 2022 मध्ये जाहीर केलेल्या अटींत 7 टक्क्यांना 1,25,000 डॉलर आणि शिवाय 3,75,000 डॉलर कॅप नसलेल्या सेफवर (पैसे आता, शेअर्स पुढच्या फेरीत असा करार; कॅप म्हणजे त्यासाठी कंपनीच्या किमतीवरची कमाल मर्यादा), असं आहे. त्यांचं नाव आणि जाळं मोठं आहे, लोक देतात. तुमच्या संस्थेचं नाव तेवढं नसेल तर अनुभवी फाउंडर सुरुवातीलाच हिस्सा द्यायला तयार होणार नाही, आणि त्याने होऊही नये. फाउंडरचे स्वतःचे शेअर्स चार वर्षांत व्हेस्ट होतात, तर प्रोग्रामचा हिस्सा पहिल्याच दिवशी पूर्ण का? रोख गुंतवणुकीचा भाग वेगळा ठेवा, आणि सल्ल्यापोटी घेतलेला हिस्सा दीड-दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हेस्ट करा. मागितलेली भेट ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर त्या तिमाहीचा हिस्सा फाउंडरकडेच राहील, असं करारात लिहा. मग वकिलाचा तास पुढच्या महिन्यावर ढकलताना व्यवस्थापक दोनदा विचार करेल, आणि तक्त्यातली लाल खूण प्रोग्रामच्या नावापुढेही लागू शकेल.