रात्रभराचा लेओव्हर आहे, शहर फिरायला बाहेर पडावं की विमानतळावरच झोपावं?

तुम्ही विचारलंय की क्वालालंपूरला संध्याकाळी उतरून सकाळी पुढचं विमान आहे, सोबत दोन मित्र आहेत, तर रात्री शहरात जाणं शहाणपणाचं आहे का. जा. फक्त घड्याळ कोणाच्या हातात आहे ते आधी बघा. असं का म्हणतो ते खाली येईलच.

माझं यवतमाळकडच्या वणीजवळच्या गावात कृषी केंद्र आहे. आमच्या धंद्यात बियाणं-खतांच्या कंपन्या टार्गेट पूर्ण केलं की दुकानदारांना परदेशी टूर देतात. आम्ही चौघांनी एका वर्षी तो मान मिळवला, बालीचा. तिकीट काढणाऱ्यानं पैसे वाचवले आणि आमच्या वाट्याला क्वालालंपूरला चौदा तास आले. मुंबईहून सकाळी दहाला निघालो, पाच तासांत पोचलो, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणून तिथं साडेपाच वाजले होते. पुढचं विमान सकाळी 7.40 ला.

उतरताना खिडकीतून पाहिलं तर जिकडंतिकडं पाम तेलाच्या बागा, तुरीच्या तासासारख्या सरळ ओळीत. चौघंही गप्प. सोयाबीनला भाव का नाही म्हणून शेतकरी रोज आमच्या दुकानात बसून ज्या आयात तेलाला शिव्या घालतात, ते हेच. मी मनातल्या मनात एकरी झाडं मोजायला लागलो, सवयच ती.

एक मित्र म्हणाला, "काहून जाता बे, इथंच पडू ना एसीत." त्याला दुसऱ्यानं सुनावलं, "हरभऱ्याले पाणी द्याले रात्री बारा वाजता जातं, तवा नाय झोप येत तुले?" मुद्दा बिनतोड होता. आमच्याकडं कृषीपंपाची लाईन कित्येकदा रात्रीचीच असते. ओलितासाठी साप-विंचवात जागणाऱ्या माणसाला दिव्यांच्या शहरात जागायला काय होतं?

बाहेर पडण्याआधी तीन गोष्टी बघा. भारतीयांना मलेशियात 1 डिसेंबर 2023 पासून तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि वाढवत नेली आहे, म्हणून निघण्याआधी खात्री करा. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र ऑनलाईन भरावंच लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाईट दिसली तर ती सरकारी नाही. दुसरं, बॅगा. आमचं तिकीट एकच होतं, त्यामुळं बॅगा थेट बालीला गेल्या. तिकिटं वेगवेगळी असतील तर बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागेल, मग त्या विमानतळावरच पैसे देऊन ठेवा, शहरात ओढत नेऊ नका. तिसरं, तुमचं पुढचं विमान टर्मिनल 1 चं की 2 चं, हे तळहातावर लिहून ठेवा.

शहर विमानतळापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे. केएलआयए एक्सप्रेस रेल्वे अर्ध्या तासात केएल सेंट्रल स्टेशनला सोडते. एकाचे 55 रिंगिट, आणि रिंगिट तेव्हा साधारण वीस रुपयांचा. म्हणजे माणशी हजार-अकराशे रुपये, वणी-नागपूर एसटीची सवय असलेल्याला जड जातात. बस बरीच स्वस्त आहे, पण तास-सव्वा तास खाते. जाताना रेल्वे आणि येताना चौघांत मिळून ग्रॅब, म्हणजे फोनवरच्या ॲपनं मागवायची टॅक्सी, हा हिशेब आम्हाला बरा पडला.

केएल सेंट्रलहून मेट्रोसारखी एलआरटी पकडली. तिकीट म्हणजे निळं प्लॅस्टिकचं गोल नाणं, बाहेर पडताना फटीत टाकायचं. एकानं ते आठवण म्हणून खिशात घातलं आणि फाटकात अडकला. एकाच लाईनवर मस्जिद जामेक आणि केएलसीसी ही दोन्ही स्टेशनं लागतात. मस्जिद जामेक 1909 ची, क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या संगमावर. क्वालालंपूर या नावाचा अर्थच मुळी चिखलाचा संगम. वर्धा-पैनगंगेच्या संगमाकडचे आम्ही, आम्हाला ते नाव लगेच पटलं. रात्री तिथं पाण्यावर निळे दिवे सोडतात. जवळच मर्डेका चौक आहे, तिथं 1957 च्या ऑगस्टात मध्यरात्री इंग्रजांचा झेंडा उतरला आणि यांचा चढला. आमच्यासारखंच, मध्यरात्रीच.

पेट्रोनास टॉवर 452 मीटरचे आहेत. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितले, फोटो काढले. रात्री उशिरा वर जाता येत नाही, त्यामुळं तिथं जास्त वेळ घालवू नका. बटू केव्ह्ज या गुहांबाहेरचा तो सोनेरी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, रात्री त्याचा नाद सोडा.

गर्मीबद्दल सांगतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, म्हणून आम्ही जरा तोऱ्यात होतो. पण तिथली गर्मी ओली. घाम वाळतच नाही. आपला खसचा कुलर कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून गार करतो, तिथं तो नुसता दमट वारा फेकत बसला असता. एक जादा बनियन जवळ ठेवा. आणि छत्रीही, पाऊस कधीही येतो.

खरी मजा रात्री अकरानंतर. जालान आलोर ही आख्खी गल्ली खाण्याची आहे, रस्त्यावर टेबलं, धूर, गर्दी. आमच्यातला माळकरी तिथं पाणी पिऊन बसला. पालेभाजी मागितली तरी त्यात वाटलेली झिंगा पेस्ट असू शकते, विचारून घ्या. त्याच्यासाठी मग ममाक गाठलं. ममाक म्हणजे तमिळ मुसलमानांची हॉटेलं, बरीचशी रात्रभर चालू. रोटी चनाई, सोबत डाळ, आणि तेह तारिक, म्हणजे हातभर वरून ओतून फेसाळलेला चहा. माळकऱ्यानं डाळ नीट चौकशी करून पाच रोट्या हाणल्या. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्याचा जीव मात्र कासावीस. मी मुंबईतच त्याची पुडी टाकायला लावली होती. तो दर दहा मिनिटांनी माझ्याकडं असा बघायचा, जणू मीच त्याची तूर विकून खाल्ली.

तर घड्याळ. माझ्या फोनमध्येच तिथलं सिम होतं, त्याची बॅटरी फोटो काढून काढून मेली. बाकीच्यांचे फोन विमानात फ्लाईट मोडवर टाकले ते तसेच, नेटवर्कच नाही, म्हणून वेळ भारताचीच. वेळेची जबाबदारी होती हातात घड्याळ असलेल्या माळकऱ्याकडं. आम्ही आरामात बसलेलो. मी दोनदा विचारलं, तो म्हणाला, "अबे, एकच तर वाजला, बस ना." तिसऱ्यांदा चहा मागवायला गेलो तर गल्ल्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार! माळकऱ्याचं घड्याळ अजून वणीच्याच वेळेवर.

विमान 7.40 चं, पाचपर्यंत विमानतळावर, म्हणजे चारला शहर सोडायचं, असं आम्हीच ठरवलं होतं. वेळ तशी होती, पण चेहरे बघण्यासारखे झाले. पोराला विनवून गल्ल्यावरच्या चार्जरला फोन लावला, ग्रॅब मागवली, 80 रिंगिट पडले. निम्म्या रस्त्यात ड्रायव्हरनं विचारलं, टी वन की टी टू? चौघांची तीन उत्तरं. शेवटी बोर्डिंग पास काढून त्याच्याच हातात दिला.

पाचला दहा कमी असताना पोचलो. तुम्ही तिघं असाल तर दोघांच्या तरी फोनमध्ये तिथलं सिम किंवा रोमिंग ठेवा, आणि पॉवर बँक विसरू नका. फ्लाईटच्या वेळेतून पावणेचार तास वजा करा, तेव्हा शहर सोडा. मुली सोबत असतील तर मुख्य रस्ते धरून राहा, दिवे आणि गर्दी तिथं उशिरापर्यंत असते. पासपोर्ट मात्र आतल्या खिशात.

बालीची वेळ क्वालालंपूरचीच. माळकऱ्यानं तिथं उतरल्या उतरल्या घड्याळ अडीच तास पुढं केलं. वणीला परत आल्यावर आठवडाभर ते तसंच चाललं, आणि दुकान तो पहाटे उघडायला लागला.