युद्धात सैनिक किती काळासाठी भरती होतात? मुदत संपली आणि लढाई चालूच असेल तर?

प्रश्न दुहेरी आहे: वेगवेगळ्या युद्धांत भरतीची मुदत किती असायची, आणि ती मध्येच संपली तर जवानाला घरी जाता यायचं का. दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: बहुतेक वेळा नाही. ज्या सेनापतींना आपली माणसं सोडावी लागली, त्यांचं मोठं नुकसान झालं.

आकडे पाहताना तीन मुदती वेगळ्या धरा. एक, पलटणीत प्रत्यक्ष नोकरी, म्हणजे कलर सर्व्हिस. दुसरी, राखीव दलातली: घरी राहायचं, बोलावलं की हजर व्हायचं. तिसरी, आघाडीवरची एक पाळी. व्हिएतनाममध्ये सक्तीने भरती झालेल्या अमेरिकन जवानाची नोकरी 2 वर्षांची होती, पण तिथली पाळी 12 महिन्यांची (मरीनची 13). इंटरनेटवर ही दोन्ही सर्रास एकत्र केली जातात. शिवाय ही पाळी प्रत्येकाची स्वतंत्र मोजली जायची. त्यामुळे रान ओळखू लागलेला माणूस निघून जाई आणि त्याच जागी नवखा येई. पलटण कायम अर्धी कच्चीच राहायची.

मुदतीचा सगळ्यात बोलका इतिहास अमेरिकेचाच आहे. 1847 मध्ये मेक्सिकोच्या स्वारीत जनरल स्कॉटच्या सात स्वयंसेवक रेजिमेंटांची 12 महिन्यांची मुदत ऐन मोहिमेत संपली. ती माणसं परत गेली, आणि कुमक येईपर्यंत त्याला पुएब्लाला थांबावं लागलं. 1861 मध्ये, उत्तर-दक्षिण यादवी युद्धाच्या सुरुवातीला, लिंकनने 75,000 शिपाई मागवले ते फक्त तीन महिन्यांसाठी, कारण 1795 चा मिलिशियाचा (नागरी फौजेचा) कायदा त्याहून जास्त काळ ठेवूच देत नव्हता. 21 जुलैला बुल रनची लढाई झाली, तेव्हा एक पायदळ रेजिमेंट आणि एक तोफखान्याची तुकडी मुदत भरली म्हणून त्याच सकाळी मागे निघाली. त्यानंतर तीन वर्षांची भरती सुरू झाली. पण 1861 ला भरती झालेल्यांची तीन वर्षं 1864 च्या मध्यात, पुन्हा ऐन लढाईतच, भरणार होती! तेव्हा उत्तरेने 400 डॉलर बक्षीस, 30 दिवसांची रजा आणि तीन चतुर्थांश माणसं थांबली तर रेजिमेंटचं नाव कायम, अशी बोली ठेवली. सुमारे 1,36,000 जुने शिपाई राहिले. दक्षिणेने असं काही न विचारता एप्रिल 1862 च्या कायद्यानेच 12 महिन्यांच्या शिपायांची मुदत तीन वर्षं करून टाकली. माझ्या मते उत्तरेचा मार्ग जास्त शहाणपणाचा होता: राहिलेला माणूस राजीखुशीने राहिला.

दुसरं टोक दीर्घ मुदतीचं. ऑगस्टसच्या काळात रोमन लीजनची (रोमन पायदळाच्या मोठ्या पलटणीची) नोकरी 20 वर्षांवर गेली. रशियात शिपाई आधी जन्मभरासाठी, 1793 पासून 25 वर्षांसाठी, 1834 पासून 20 वर्षांसाठी जाई. आपल्याकडे मराठ्यांच्या मोहिमा हंगामाने बांधलेल्या असत: दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात छावणी.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश युद्धमंत्री किचनरच्या भरतीत ‘3 वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत’ अशी अट होती. अमेरिकेत 1940 ला सक्तीची भरती 12 महिन्यांची होती. ऑगस्ट 1941 मध्ये ती वाढवणारा ठराव प्रतिनिधी सभेत 203 विरुद्ध 202 असा एका मताने तरला, आणि पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर मुदत ‘युद्ध अधिक सहा महिने’ झाली. युरोपातलं युद्ध संपल्यावर आधी कोणाला सोडायचं, हे गुणांवर ठरलं: नोकरीच्या प्रत्येक महिन्याला 1, परदेशातल्या महिन्याला आणखी 1, पदकाला 5, मुलामागे 12 (तीन मुलांपर्यंत). 85 गुण भरले की घरी. मुदत संपली तरी न सोडणं आजही दिसतं. सप्टेंबर 2022 च्या रशियन हुकमाने कराराची मुदत संपली तरी शिपाई सुटत नाही, आणि युक्रेनच्या 2024 च्या कायद्यातून 36 महिन्यांनी सोडण्याची तरतूद गाळली गेली.

आता नागपुरात भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी. साठच्या दशकात आपल्याकडे अनेक जवान 7 वर्षं पलटणीत आणि 8 वर्षं राखीव दलात, अशा बोलीवर जात. नंतर कलर सर्व्हिस वाढली आणि जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षांची नोकरी हा हिशेब रुळला. 2022 पासून अग्निवीर 4 वर्षांसाठी. प्रशिक्षण याच 4 वर्षांत धरतात. पगार पहिल्या वर्षी 30,000, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के सेवा निधीत कापले जातात आणि सरकार तेवढेच घालतं. शेवटी सुमारे 11.71 लाख मिळतात. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त 25 टक्क्यांना नियमित नोकरी मिळते, बाकीच्यांना बाहेर पडावं लागतं. मनात आलं म्हणून मध्येच सोडता येत नाही, अपवादात्मक कारण लागतं. म्हणून घरी पैशाचं गणित मांडताना हातात येणारे 21,000 धरा, 30,000 नाही.

सीताबर्डी किल्ल्यावर ठाणं असलेल्या टेरिटोरियल आर्मीचा प्रकार वेगळा. तिथे स्वतःचा नोकरीधंदा सांभाळून बोलावलं की जायचं असतं, आणि पेन्शनच्या हिशेबात फक्त प्रत्यक्ष बोलावलेला काळ धरतात, नाव नोंदवल्यापासूनची वर्षं नाहीत.