दमट हवेतली लाकडी जमीन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून जवळ आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले आणि खाली वडिलांच्या काळचा कोबा. नोकरीमुळे आम्ही मुंबईत असतो. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतेच घर उघडले जाते. कोबा न फोडता ओटीवर आणि माजघरात इंजिनिअर्ड वूडच्या फळ्या घालाव्यात, असा मुलांचा आग्रह आहे. हे लाकूड दमट हवेसाठीच तयार केलेले असते, असे दुकानदार सांगतो. ते खरे आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुकानदार सांगतो ते खरे आहे, पण ते फक्त हवेतल्या दमटपणापुरते खरे आहे. आपल्या घराचा मुख्य प्रश्न हवेचा नसून जमिनीचा आहे.

लाकूड ओल शोषते तेव्हा ते रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ फुगतच नाही. इंजिनिअर्ड फळीत याचाच उपयोग केलेला असतो. वर अस्सल लाकडाचा काही मिलिमीटर जाडीचा थर आणि त्याखाली प्लायवुडचे पातळ पापुद्रे, एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले, अशी तिची रचना असल्यामुळे एक थर फुगू लागला की त्याला आडवा असलेला थर त्याला रोखून धरतो. अखंड लाकडाला ही सोय नसते. ओकच्या १९० मिलिमीटर रुंदीच्या अखंड फळीतली ओल ८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेली, तर ती फळी साधारण ४ मिलिमीटरने रुंद होते. सागाची फळी त्याच्या निम्म्याने. ३ मीटर रुंद खोलीत अशा पंधरा-सोळा फळ्या बसतात, म्हणजे ओकची जमीन एका पावसाळ्यात ६ सेंटीमीटर जास्तीची जागा मागू शकते. इंजिनिअर्ड फळीत ही वाढ पुष्कळच कमी होते, आणि म्हणून कोकणात लाकूडच घालायचे असेल तर अखंड फळीपेक्षा ही बरी, यात शंका नाही.

मात्र खालून येणाऱ्या पाण्यापुढे ही रचना टिकत नाही. जुन्या कोब्याखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो. पावसाळ्यात जोत्यातली आणि मातीतली ओल कोब्यातून वर चढते आणि हवेत निघून जाते. ऑगस्टमध्ये कोबा जागोजागी काळपट दिसतो आणि तळव्याला चिकटतो, तो यामुळेच. त्यावर फळ्या घातल्या की ही वाट बंद होते. ओल फळीच्या पोटात शिरते, खालची बाजू फुगते, वरची त्या मानाने कोरडी राहते आणि फळीच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन मधे खोलगट भाग तयार होतो. हातावर हात ठेवून बसण्याखेरीज त्यावर मग फारसा उपाय उरत नाही.

आपल्याला खात्री करायची असेल तर साधारण एक मीटर चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि दोन-तीन दिवसांनी ते उचलून पाहावे. आतल्या बाजूला थेंब धरलेले दिसले किंवा प्लास्टिकखालचा कोबा भोवतालपेक्षा गडद झाला असेल, तर उत्तर मिळाले. ही परीक्षा मे महिन्यात करू नये. त्या वेळी बहुतेक जमिनी उत्तीर्ण होतात. ती गणपतीला घरी जाल तेव्हा करावी.

दुसरी अडचण बंद घराची आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू १६ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावते. ९० टक्क्यांना ती २० टक्क्यांपर्यंत जाते, आणि त्यापुढे बुरशीचा व कुजण्याचा धोका सुरू होतो. जून ते सप्टेंबर दारे-खिडक्या लावून ठेवलेल्या कोकणातल्या घरात अशी हवा आठवडेच्या आठवडे कोंडून राहते. शिवाय वाळवी आहेच. वरचा थर सागाचा असला तरी आतल्या प्लायवुडमध्ये बहुधा वाळवीला सहज खाता येण्याजोगे लाकूड असते, आणि वरून काही दिसण्याआधीच ते पोकळ झालेले असते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत लाकडी तक्तपोशी असे ती माडीवर किंवा माळ्यावर, तुळयांच्या आधाराने, खालून-वरून वारा लागेल अशी. तळाला शेणाने सारवलेली जमीन किंवा कोबा असे. घर बांधणाऱ्यांनी ही विभागणी विचारपूर्वक केलेली होती आणि तिचे कारण आजही बदललेले नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की तळमजल्यावर लाकूड घालू नये. कोब्याच्या भेगा भरून तो पुन्हा घोटून घ्यावा. तरीही लाकूडच हवे असेल तर कोबा फोडून, खाली ओलरोधक प्लास्टिकचा अखंड थर देऊन नवे काँक्रीट करावे लागेल, वाळवीची प्रक्रिया आयएस ६३१३ या मानकाप्रमाणे करून घ्यावी लागेल, आणि काँक्रीट वाळण्यासाठी दर २५ मिलिमीटर जाडीमागे किमान एक महिना धरावा लागेल. १०० मिलिमीटरचा थर म्हणजे चार कोरडे महिने. पावसाळ्याचे महिने यात मोजू नयेत.

प्रश्न : ठाण्यात बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. व्हिट्रिफाइड टाइल्स न काढता शयनगृहांत लाकडी फ्लोअरिंग करायचे आहे. तीन ठिकाणचे दर घेतले, तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत तिपटीचा फरक निघाला. तिघेही त्याला वुडन फ्लोअरिंगच म्हणतात. निवड कशी करावी? रात्री एसी चालू असतो, दिवसा खिडक्या उघड्या असतात.
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : बाराव्या मजल्यावर जमिनीची ओल नाही, त्यामुळे आपल्या बाबतीत हा विचार करायला हरकत नाही. दरातल्या फरकाचे बहुधा कारण असे की सर्वांत स्वस्त माल लॅमिनेट असणार. त्यात लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद दाबून बसवलेल्या भुशाच्या पाटीवर चिकटवलेला असतो. सांध्यातून पाणी गेले की ती पाटी कडेला फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. कागदपत्रावर ‘एसी ३’ किंवा ‘एसी ४’ अशी श्रेणी लिहिलेली असेल तर ते लॅमिनेट समजावे. ही श्रेणी पृष्ठभागाच्या झिजेची असते, ओलीशी तिचा संबंध नसतो.

गुळगुळीत नमुना पाहून ठरवू नका, करवतीने कापलेला तुकडा मागा आणि त्याची कापलेली कड उजेडात धरा. वर लाकडाची सलग पट्टी आणि खाली उभ्या-आडव्या रेषांचे पापुद्रे दिसले पाहिजेत. खाली एकसारखा तपकिरी लगदा दिसला तर वरचा थर अस्सल असूनही दमट हवेसाठी ती फळी मी सुचवणार नाही. वरच्या पट्टीची जाडी मोजा. फळीच्या कडेला शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी जी पट्टी, म्हणजे जीभ असते, तिच्या वर जितके लाकूड असते तितकेच पुढे घासता येते. ४ मिलिमीटरचा थर पुढच्या काळात एक-दोनदा घासून नवा करता येतो, एक मिलिमीटरचा थर एकदाही नाही. तोच तुकडा घरी आणून काही तास पाण्यात उकळावा, वाळवावा आणि पापुद्र्यांत सुरी घालून पाहावी. आयएस ७१० या मानकाच्या मरीन प्लायवुडचा गोंद ७२ तास उकळूनही सुटता कामा नये, अशी अपेक्षा असते; फळीचा गोंद चार-पाच तासांतच सुटत असेल तर तो माल नाकारावा. नाव किती मोठे आहे यापेक्षा हा तुकडा अधिक खरे सांगतो.

साग किंवा ओक घ्यावा. बीच आणि मेपल ओलीनुसार फार हलतात, ते टाळावेत. फळी १२० ते १५० मिलिमीटर रुंद पुरे. २२० मिलिमीटरची फळी दिसते देखणी, पण तिची हालचालही तेवढीच मोठी. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे, आणि रंगकाम व गिलाव्याची दुरुस्ती आधी पूर्ण व्हावी. खोके त्याच खोलीत दोन-तीन दिवस ठेवून मगच काम सुरू करावे. टाइल्सवर २ मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नाही हे पाहावे, प्लास्टिकचा थर आणि त्यावर फोम घालावा, आणि भिंतीलगत सर्व बाजूंनी १० मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. भिंतीतले जड कपाट या फळ्यांवर बसवू नये, कारण त्यामुळे जमीन एका जागी जखडली जाते. दारांच्या पाती खालून कापाव्या लागतील, हे सुताराला आधीच सांगावे.

एसीविषयी सांगायचे तर रात्री हवा कोरडी आणि दिवसा पावसाळी, हा रोजचा चढउतार एकसारख्या दमट हवेपेक्षा वाईट. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा त्या खोल्यांच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि एक साधा आर्द्रतामापक भिंतीला लावावा. आकडा ४५ ते ६५ टक्क्यांत राहिला तर काळजी नाही. यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे बादलीत बुडवून निथळता फिरवलेला पोछा या जमिनीला चालत नाही. कपडा पिळून कोरडाच फिरवावा, आणि लादी पुसायला येणाऱ्या ताईंना हे पहिल्याच दिवशी हाताने करून दाखवावे.

प्रश्न : गोव्यात पहिल्या मजल्यावरच्या आमच्या दिवाणखान्यात मार्चमध्ये इंजिनिअर्ड फळ्या घातल्या. जुलैत मधल्या दोन रांगा उंच उठल्या. पाय दिला की दबतात आणि आवाज येतो. आता घासून सपाट करून देतो, असे कंत्राटदार म्हणतो. करू द्यावे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : घासू देऊ नये. कडा उचलणे वेगळे आणि रांगा तंबूसारख्या उठणे वेगळे. आपल्याकडे दुसरा प्रकार झालेला दिसतो, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे जमिनीला फुगायला जागाच न मिळणे. आधी दोन समोरासमोरच्या भिंतींचे स्कर्टिंग काढून पाहावे. फळ्या भिंतीला टेकल्या असतील, किंवा मोकळ्या जागेत सिमेंट अथवा पुट्टी भरलेली असेल, तर ती काढून १० मिलिमीटरची फट कापून घ्यावी. दाराच्या चौकटीपाशीही तसेच पाहावे, कारण तिथली अडकलेली एक फळी सगळी रांग धरून ठेवते. फट मोकळी झाली की बहुधा काही आठवड्यांत जमीन आपोआप खाली बसते. ओल्या अवस्थेत घासलेल्या फळ्यांचा वरचा थर कायमचा पातळ होतो आणि हिवाळ्यात त्या वाळून बसल्या की घासलेल्या जागी खळगे दिसतात. काही फळ्यांचे सांधे तुटले असतील तर त्या जानेवारीत, जमीन पूर्ण बसल्यावर बदलाव्यात, आणि त्यासाठी त्याच खेपेचे एक खोके आत्ताच दुकानदाराकडून मागून ठेवावे. पुढच्या खेपेचा रंग सहसा जुळत नाही.