न आलेली मादी मेलेली नसते

प्रिय,

तुझा दोन वर्षांच्या मोजणीचा तक्ता पाहिला. यंदा तळ्याभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणावर, तिथे पुरलेल्या बादल्यांत, निम्म्याच माद्या आल्या, गेल्या वसंतात एकही पिल्लू बाहेर पडलं नाही, आणि तू लिहिलंस, 'संख्या घटते आहे'. ते वाक्य आधी खोड. सापडल्या किती हे तुला ठाऊक आहे. आहेत किती हे नाही.

तुझा प्राणी मार्बल्ड सॅलमँडर आहे, सरड्यासारखा दिसणारा उभयचर, हे विसरू नकोस. शरदात, तळं कोरडं असताना मादी ओंडक्याखाली ५० ते २०० अंडी घालून त्यांच्यापाशी थांबते. पाणी चढलं की अंडी फुटतात. पाणी उशिरा आलं तर अंडी वाया जातात, लवकर आटलं तर पिल्लं रूपांतराआधीच, म्हणजे जमिनीवर राहण्याजोगी होण्याआधीच, मरतात. आख्खं साल शून्य जाणं ही त्याची रीतच आहे. प्रौढ जंगलात जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून त्याला ते परवडतं. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात रेनबो बे या हंगामी तळ्यावर १९७८पासून मोजणी सुरू झाली. तिथे मार्बल्ड आधी विरळ होता, मग वाढला. दोन वर्षांत हे कुणाला दिसलं असतं?

फेरपकड, पोरी, फेरपकड! म्हणजे नोंदून सोडलेल्यांपैकी पुन्हा किती सापडतात ते बघणं. समजा, आत येताना ११४ माद्या नोंदल्यास. बाहेर पडताना ५० सापडल्या आणि त्यातल्या ३८ आधी नोंदलेल्या निघाल्या. म्हणजे आत येतानाची पकड ७६ टक्के, आणि खऱ्या आल्या सुमारे १५०. हा आकडा दरवर्षी नव्याने काढ. एका वर्षी पत्र्याखाली बिळं पडली तर पकड घसरते, आणि तू त्यालाच घट म्हणून बसतेस.

हेही पुरत नाही. काही माद्या एखादं साल प्रजननाला येतच नाहीत. पहिल्या वर्षी हजर, दुसऱ्या वर्षी गैरहजर, तिसऱ्या वर्षी पुन्हा हजर, अशा नोंदी हाती आल्याशिवाय मृत्यू आणि गैरहजेरी वेगळे काढता येत नाहीत. म्हणून किमान तिसरं वर्ष. न आलेली मादी मेलेली नसते, हे किती वेळा सांगू?

ओळखीसाठी बोटं छाटू नकोस, ती पुन्हा उगवतात. पाठीवरच्या पट्ट्यांचा फोटो घे, दरवेळी वरून, सारख्याच उजेडात. नुकत्याच रूपांतर झालेल्या पिल्लांवर मात्र पट्टे नसतात, ठिपके असतात. त्यांच्या फोटोवर विसंबू नकोस.

एकाच तळ्याला इतकं चिकटून राहणं हा हट्ट आहे, असं मला ऐकवलं जातं. आहेच हट्ट. दहा तळ्यांवर एकेकदा जाऊन यादी होते, जगण्या-मरण्याचा दर निघत नाही. मी हे सोडणार नाही, आणि तूही सोडू नयेस.

आता कामाचं. नर माद्यांच्या आधी येतात, तेव्हा ऑगस्टअखेर बादल्या उघड्या हव्यात. प्रत्येकीत ओला स्पंज ठेव, तळाला भोकं पाड, रोज सकाळी तपास. हातमोजा प्रत्येक प्राण्यागणिक बदल. आणि पत्र्याची खालची कड १० सेंटिमीटर तरी जमिनीत गेली आहे का, हे सगळ्यात आधी बघ.