बिजागरीत अडकलेला तुकडा काढू देऊ नका

प्रश्न : बाथरूम नव्याने करताना शॉवरला काचेचं दार बसवलं. कोटेशनमध्ये ‘१० मिमी टफन ग्लास’ लिहिलं होतं. दार खाली घासत होतं म्हणून मिस्त्रीने जागेवरच एक पट्टी कापून काढली. चार महिन्यांनी दार लावताना काच फुटली आणि सासूबाईंच्या पोटरीला सात टाके पडले. फुटलेल्या काचेचा फोटो सोबत पाठवला आहे. बिलावर ‘काचेची गॅरंटी नाही’ असं छापलंय, ते कंत्राटदार दाखवतो. अर्ध्या पैशात नवी बसवून देतो, जुनं सामान घेऊन जातो म्हणतो. मान्य करू का?

उत्तर : ताई, आत्ता मान्य करू नका. जुनं सामान तर अजिबात नेऊ देऊ नका. तुमच्या फोटोत वरच्या बिजागरीत वीतभर लांब, सुरीसारखा टोकदार तुकडा अडकलेला दिसतो. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच अशी फुटत नाही. ती फुटली की तिचे बारीक, बोथट कडांचे खडे होतात. लांब पाती होतात ती साध्या काचेची.

त्याहून मोठी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. मिस्त्रीने काच जागेवर कापली. टफन काच आधी मापात कापतात, तिला भोकं पाडतात, कडा घासतात आणि मगच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटकन गार करतात. त्यानंतर तिला कापायला गेलं तर अख्खी काच तिथेच ढासळते. तुमची पट्टी सरळ कापली गेली, म्हणजे ती काच टफन नव्हतीच. कापताना घरात कोण होतं, कोणती तारीख होती, ते आजच लिहून ठेवा. ज्यांनी पाहिलं त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. बचावात कंत्राटदार ‘फक्त कड घासली’ असं म्हणेल, म्हणून कापलेली पट्टी कुठे पडली असेल तर शोधा.

आता ‘गॅरंटी नाही’चं. नीट बसवलेली टफन काचही क्वचित आपोआप फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा कण राहिला किंवा कडेला टवका उडाला की तसं होतं. तसं झालं असतं तर या ओळीवर वाद घालावा लागला असता. इथे मुद्दाच वेगळा आहे. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाचाच असावा लागतो. ‘गॅरंटी नाही’ याचा अर्थ टफन सांगून साधी काच द्यायची मुभा असा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

पैसे तुम्ही दिलेत म्हणून सासूबाईंना हक्क नाही, असं समजू नका. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. तक्रारीवर दोघींची नावं घाला आणि इजेची भरपाई त्यांच्या नावाने वेगळी मागा. दवाखान्याच्या कागदावर ‘काच लागून जखम’ असं लिहिलंय का पाहा, नसेल तर डॉक्टरांकडून नोंद करून घ्या.

तुकडा काढण्याआधी दोन शेजाऱ्यांसमोर मोजपट्टी लावून फोटो घ्या, मग खोक्यात सीलबंद करून सगळ्यांच्या सह्या घ्या. ग्राहक आयोग तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवू शकतो (ग्राहक संरक्षण कायदा, कलम ३८). कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं असेल तर चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. ई-जागृती पोर्टलवरूनही ती दाखल होते आणि वकील लावायची सक्ती नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण जखम ताजी आणि साक्षीदार जवळ असतानाच हे करा.

नवी काच दुसऱ्याकडून घ्या. बिलावर ‘टफन, आयएस २५५३ भाग १’ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) असं लिहून मागा आणि कोपऱ्यात कोरलेला आयएसआय शिक्का स्वतः पाहा. त्यावरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. घरात वयस्कर माणूस आहे, तर टफन-लॅमिनेटेड काचेचा विचार जरूर करा. ती फुटली तरी मधल्या थराला तुकडे चिकटून राहतात. आणि माप चुकलं तर काच परत पाठवा, घरात कापू देऊ नका.