जास्त तापवलेल्या तेलाचं पेरॉक्साइड मूल्य कमी का?

प्रश्न : सूर्यफूल तेलाचा एक नमुना ओव्हनमध्ये 60 अंश सेल्सियसला काही दिवस ठेवला, दुसरा 180 अंशांवर काही तास तापवला. दुसऱ्याचं पेरॉक्साइड मूल्य (तेल किती बिघडलं हे दाखवणारा एक आकडा) कमी आलं. म्हणजे तो कमी बिघडला का? शिवाय बाटलीत हवा राहिल्याने कितीसा फरक पडतो?

उत्तर : नाही, बहुधा तोच जास्त बिघडला आहे. ऑक्सिजन मेदाम्लाला चिकटून आधी हायड्रोपेरॉक्साइड तयार होतं, आणि टायट्रेशनमध्ये (ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजताना) आपण मोजतो ते एवढंच. 60 अंशांना ते साठत जातं. 180 अंशांना मात्र तयार होताच फुटतं आणि त्याची अल्डिहाइडं होतात. खवट वास त्यांचाच. म्हणून तापवलेल्या तेलासाठी पॅरा-अ‍ॅनिसिडीन मूल्यही काढा, ते अल्डिहाइडं मोजतं. नुसत्या पेरॉक्साइडच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

टायट्रेशनही तपासून पाहा. 5 ग्रॅम तेल, अ‍ॅसेटिक आम्ल व क्लोरोफॉर्मचं 3:2 मिश्रण 30 मिली, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड 0.5 मिली. बरोबर एक मिनिट हलवा, 30 मिली पाणी घाला आणि लगेच 0.01 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन करा. स्टार्च शेवटी, पिवळा रंग फिका झाल्यावर. रेंगाळलात तर हवेतला ऑक्सिजनच आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो आणि आकडा फुगतो. तेलाशिवायचं कोरं टायट्रेशन वजा करायला विसरू नका.

आता हवा. ऑक्सिजन निम्मा केला की वेगही निम्मा होतो, हा समज चुकीचा. मेदाम्लाचा मुक्तमूलक (एक हायड्रोजन गमावलेला, अतिक्रियाशील रेणू) ऑक्सिजनला जवळजवळ तत्क्षणी पकडतो. संथ असते ती पुढची पायरी, म्हणजे ऑक्सिजन पकडून झालेल्या पेरॉक्सी मूलकाने शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढणं. त्यामुळे ऑक्सिजन अगदी थोडा उरेपर्यंत वेग फारसा घटत नाही. बंद बाटलीत हवेवर ठरतं ते एकूण किती बिघडेल हे. 250 मिलीची बाटली अर्धी रिकामी असेल तर तिच्यात सुमारे 26 मिली ऑक्सिजन असतो. तो सगळा तेलात मुरला तर पेरॉक्साइड मूल्य 19 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिकिलोपर्यंत चढू शकतं. हवा 10 मिलीच ठेवली तर एकच्याही आत. अर्थात झाकण उघडलं की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

180 अंशांना गणित बदलतं. तिथे ऑक्सिजन विरघळेल तसा खर्च होतो, म्हणून तेलाचा पृष्ठभाग आणि खोली निर्णायक ठरते. पसरट भांड्यातला नमुना आणि उभ्या नळीतला नमुना यांची तुलना करण्यात अर्थ नाही. भांडी काचेचीच घ्या. तांब्याचा किंवा लोखंडाचा अंशही हायड्रोपेरॉक्साइड फोडतो.